आधी उतरण, मग चढण

मे महिना लागला की पुणे, ठाणे, नाशिक, सांगलीतल्या कितीतरी घरांत वजनकाटा बाहेर निघतो. तेवीस किलोंच्या बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि लोणच्याच्या बरण्या बसवायच्या असतात, आणि उरलेल्या फटीत बाबांचे ट्रेकिंगचे बूट. मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात नाहीतर ॲरिझोनात. नातवंडांच्या शाळा बंद झालेल्या असतात, चार जुलैला जोडून चार दिवसांची रजा टाकलेली असते आणि आईबाबा यायच्या आधीच सहलीचा तक्ता तयार असतो: लास व्हेगास, झायन, ब्राइस, अँटेलोप, ग्रँड कॅनियन. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही उन्हाळ्यातच भरतं. २०२४ साली जूनअखेरीस ते सॅन होजेत झालं. तिथून ग्रँड कॅनियन साधारण बाराशे किलोमीटर. अमेरिकेतल्या रस्त्यांची सवय झालेल्या मुलांना हे अंतर फार वाटत नाही.

ही सहल करावीच, यात वाद नाही. कोलोरॅडो नदीच्या पठारावर जे बघायला मिळतं त्याला जगात फारशी तोड नाही. पण मराठी कुटुंबं ती ज्या महिन्यात आणि ज्या घाईनं करतात, ते दोन्ही बदलायला हवं. जुलै हा वाळवंटातल्या दऱ्यांत पायी उतरण्याचा महिनाच नव्हे. पासष्टीच्या पुढच्या आईबाबांना घेऊन तर नव्हेच.

ग्रँड कॅनियनची लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर, आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे. जवळपास तेवढं अंतर इथे काही ठिकाणी काठावरून खाली नदीपर्यंत आहे. दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटर उंचीवर असल्यानं जुलैच्या सकाळी तिथे हवा छान असते. पातळ जॅकेट घातलेल्या आजी कठड्याशी उभ्या राहून फोटो काढून घेतात आणि समोर पायवाट वळणं घेत खाली जाताना दिसते. नदीकाठच्या फँटम रँचची उंची मात्र साधारण ७५० मीटर. दर तीनशे मीटर खाली गेलं की तापमान अंदाजे तीन अंशांनी चढतं. वर पंचविशीतला पारा असताना तळाशी तो चाळिशी ओलांडतो, आणि हे सावलीतलं मोजमाप. उघड्या खडकावरून परतणारी धग वेगळीच.

सह्याद्रीत वाढलेला माणूस इथे हमखास फसतो. राजगड असो वा हरिश्चंद्रगड, पहाटे गार हवेत, ताज्या पायांनी चढायचं, वर पोचून डबा उघडायचा आणि उन्हं कलताना उतरायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. अर्ध्यात दम लागला तर मागे फिरावं, परतीची वाट उताराचीच असते. कॅनियनमध्ये सगळं उलटं. सकाळी पाय ताजे असतात तेव्हा उतार, वारा थंड, गप्पा रंगलेल्या, आणि 'अजून एक वळण' म्हणत तासाभरात कुटुंब तीनशे मीटर खाली पोचतं. दमल्याचं लक्षात येतं तेव्हा डोक्यावर अकराचं ऊन असतं आणि पुढे फक्त चढ. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला ठेवा, असं तिथले रेंजर सांगतात. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीच्या आत चालूच नका, आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नका, असंही सांगतात. पाट्यांवरही ते लिहिलेलं असतं. तरीही दरीतून दर वर्षी अडीचशेहून अधिक लोकांची सुटका करावी लागते.

'आमचे बाबा रोज पर्वती चढतात' हे उत्तर इथे पुरत नाही. २००४ च्या जुलैमध्ये ग्रँड कॅनियनमध्ये एक चोवीस वर्षांची धावपटू उष्णतेनं आणि पाण्याअभावी मरण पावली. त्याच वर्षी ती बोस्टन मॅरेथॉन पळाली होती. तिच्यानंतर उद्यानानं लोकांना सावध करण्यासाठी तिचीच गोष्ट वापरली. २०२४ च्या जुलैमध्ये युटामधल्या कॅनियनलँड्स उद्यानात एक वडील आणि त्यांची तरुण मुलगी वाट चुकले, पाणी संपलं आणि दोघंही दगावले. दणकट शरीर जास्त खाली जाऊ शकतं, एवढाच त्याचा अर्थ. वयस्कर माणसांच्या बाबतीत आणखी एक भर असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे शरीरातलं पाणी कमी करतात. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे किती पाणी गेलं याचा अंदाजच येत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न 'विमानात बसू का' एवढाच नसावा, 'चाळीस अंशांत चालू का' हाही असावा.

पाण्याबाबत तर अर्धं ज्ञान घातक ठरतं. माणशी दिवसाला चार लिटर पाणी हा साधा हिशेब. पण नुसतं पाणीच ढोसत राहिलं आणि खाल्लं काहीच नाही, तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, गोंधळलेपण, शेवटी झटके. दिसायला ही लक्षणं उष्माघातासारखीच, म्हणून सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती आणखी बिघडते. पाण्याबरोबर खारवलेले पदार्थ खात राहा, असा रेंजरांचा आग्रह यासाठीच असतो. सुनेनं 'इथे सगळं मिळतं' म्हणून बाजूला ठेवलेला आईंच्या हातचा चिवडा, खारे शेंगदाणे, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत यांची खरी जागा पाठीवरच्या पिशवीत आहे.

वाटेवरच्या नळांवरही विसंबता येत नाही. ग्रँड कॅनियनचं पाणी उत्तर काठाखालच्या झऱ्यातून दरी ओलांडून येणाऱ्या, १९६० च्या दशकात टाकलेल्या जलवाहिनीतून मिळतं, आणि ती वरचेवर फुटते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस ती इतक्या ठिकाणी फुटली की ऐन लेबर डेच्या सुट्टीत दक्षिण काठावरचा रात्रीचा मुक्काम थांबवावा लागला. हॉटेलचं बुकिंग हातात असलेल्यांनाही दुसरीकडे जावं लागलं.

ऊन दिसतं तरी. घळीतला पूर दिसत नाही.

ॲरिझोनातल्या पेज गावाजवळचं अँटेलोप कॅनियन म्हणजे पाण्यानं वालुकाश्मात कोरलेली अरुंद घळ. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. केशरी-जांभळ्या भिंतींवरून उतरणारा उजेड बघायला जगभरातून लोक येतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे अकरा पर्यटक बुडून मेले. घळीवर पाऊस नव्हता, तो काही किलोमीटर वर पडला होता. या प्रदेशात जुलै ते सप्टेंबर दुपारी वादळी पाऊस येतो. खडक उघडा, माती नावालाच, झाडोरा नाही. पडलेलं पाणी मुरत नाही, सगळं ओढ्यांतून घळीकडे धावतं. घळ जितकी अरुंद तितकी पाण्याची पातळी झपाट्यानं वाढते आणि आतल्या माणसाला वर चढायला जागा नसते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जणांचा असाच अंत झाला. पुराचा इशारा त्या दिवशी दिलेला होता.

हे मराठी वाचकाला अगदी परकं नाही. सांदण दरी पावसाळ्यात टाळायची, हे भंडारदरा परिसरातल्या प्रत्येक वाटाड्याला ठाऊक असतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्याचं चित्रीकरण महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिलं. फरक एवढाच की आपल्याकडे पावसाळा ढग, गारवा, चिखल अशा खुणा घेऊन येतो. युटात डोक्यावर निळंशार आकाश असताना पूर येऊ शकतो. झायनच्या नॅरोज नावाच्या वाटेवर तर व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं असतं. तिथे त्या दिवशीचा पुराचा अंदाज न वाचता पाण्यात उतरणं हा शुद्ध बेफिकीरपणा आहे.

आणखी एक उदाहरण भारतीयांना सिनेमामुळे ठाऊक आहे. २००३ च्या एप्रिलमध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये ॲरन राल्स्टन हा गिर्यारोहक एकटाच गेला, घसरलेल्या शिळेखाली त्याचा हात अडकला आणि पाच दिवसांनी तो हात स्वतःच कापून तो बाहेर आला. त्याच्यावरच्या '१२७ अवर्स' या २०१० च्या चित्रपटाला ए. आर. रहमान यांचं संगीत होतं. राल्स्टननं कुठे जातोय हे कुणालाच सांगितलं नव्हतं. या बाबतीत मराठी कुटुंब जरा पुढे आहे. 'पोचलात की फोन करा' ही आईची भुणभुण कॅनियनच्या प्रदेशात उत्तम सुरक्षाव्यवस्था ठरते. तेवढी ती अधिक नेमकी हवी: कोणती वाट, किती वाजता परत, आणि फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. कारण दरीत शिरताच मोबाइलचं नेटवर्क जातं, आणि कित्येक रस्त्यांवरही ते नसतं.

आता घाईकडे. नकाशावर ही सगळी ठिकाणं एकमेकांना खेटून दिसतात. ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ आणि उत्तर काठ यांत पक्ष्याच्या वाटेनं साधारण सोळा किलोमीटर, आणि गाडीच्या वाटेनं सुमारे ३४० किलोमीटर. लास व्हेगासहून झायन अडीच तास, दक्षिण काठ साडेचार तास. त्यात घड्याळांचा गोंधळ. युटा उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, ॲरिझोना करत नाही, पण ॲरिझोनात पसरलेलं नवाहो आदिवासींचं राष्ट्र करतं. मोबाइलचं घड्याळ वाटेत आपोआप मागेपुढे होतं आणि आगाऊ पैसे भरलेली अँटेलोपची फेरी चुकते. पाच दिवसांत पाच दऱ्या अशी आखणी केली की प्रत्येक ठिकाणी कुटुंब पोचतं ते भर दुपारी, कारण सकाळ गाडीत गेलेली असते. म्हणजे चालायला जी वेळ सर्वांत वाईट, तीच नेमकी वाट्याला येते. घाई आणि उष्णता हे दोन वेगळे प्रश्न राहत नाहीत.

आखताना आणखी एक गफलत होते. लास व्हेगासहून 'ग्रँड कॅनियन' म्हणून विकली जाणारी एक सहल प्रत्यक्षात पश्चिमेकडच्या स्कायवॉकला जाते. २००७ साली खुला झालेला हा काचेचा सज्जा ह्वालापाई लोकांच्या भूमीवर आहे, राष्ट्रीय उद्यानात नाही, आणि त्याचं तिकीट वेगळं. तिथे जाऊ नये असं नाही, पण आपण कुणाच्या अंगणात आहोत हे तरी ठाऊक असावं. अँटेलोप कॅनियन नवाहो राष्ट्राचं आहे. तिथे नवाहो वाटाड्याशिवाय प्रवेशच नाही, आणि तो वाटाड्या फेरी रद्द म्हणाला तर हुज्जत घालायची नसते. ग्रँड कॅनियनच्या ब्राइट एंजल वाटेवरच्या हिरव्यागार विसाव्याला २०२२ साली हवासुपाई गार्डन्स हे नाव मिळालं. हवासुपाई लोक तिथे शेती करत होते. तिथल्या शेवटच्या रहिवाशाला उद्यानानं १९२८ साली बाहेर काढलं. नातवंडांना हा इतिहासही सांगायला हवा.

'पण सुट्टी उन्हाळ्यातच मिळते ना!' यावर हा सगळा वाद येऊन थांबतो. शाळांचं वेळापत्रक खरंच आडवं येतं. मात्र ते नातवंडांचं, आजी-आजोबांचं नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या पालकांना सहसा सहा महिने राहता येतं. जूनमध्ये आलेले आईबाबा ऑक्टोबरात तिथेच असतात, आणि जुलैमध्ये येण्याऐवजी गणपती उरकून सप्टेंबरात आले तर आणखी उत्तम. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुट्टी असते, ॲरिझोनातल्या बऱ्याच शाळा त्या सुमारास काही दिवस बंद असतात, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा मोठा शनिवार-रविवार येतो. दक्षिण काठ बारा महिने खुला. ऑक्टोबरात तळाचं तापमान माणसाळलेलं असतं, पावसाचा हंगाम ओसरलेला असतो आणि झायनमध्ये कॉटनवुडची झाडं पिवळी पडतात. मार्चअखेर ते एप्रिल हा दुसरा चांगला काळ.

ज्यांना उन्हाळ्याशिवाय इलाजच नाही त्यांनी उंचीचा आधार घ्यावा. ब्राइस कॅनियनचा काठ २,४०० ते २,७०० मीटरवर आहे, शेजारचं सीडर ब्रेक्स तीन हजार मीटरच्या वर. ग्रँड कॅनियनचा उत्तर काठही असाच उंच आणि गार. पण जुलै २०२५ मध्ये विजेमुळे लागलेल्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं ऐतिहासिक ग्रँड कॅनियन लॉज जळून खाक झालं, त्यामुळे काय उघडं आहे हे पाहूनच तिकडे वळावं. झायनमध्ये मुख्य दरीत मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना मज्जाव आहे. मोफत शटलची पहिली फेरी पकडली की दहाच्या आत बरंच बघून होतं. साखळ्यांना धरून चढायच्या एंजल्स लँडिंगला १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं. ते मिळालं नाही तर आईबाबांसाठी ती इष्टापत्तीच.

खाली न उतरता कॅनियन कळत नाही, हाही एक गैरसमज. दक्षिण काठावर 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची सपाट वाट आहे. तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि वाटेत त्या त्या काळातले खरे खडक मांडलेले, हात लावून बघता येतील असे. आजच्या खुणेपासून निघालं तर सह्याद्रीचा कातळ ज्या लाव्हापासून घडला तो काळ अवघ्या सहासष्टाव्या मीटरवर लागतो. ज्या काठावर आपण उभे असतो त्या कैबाब चुनखडीसाठी २७० मीटर चालावं लागतं. आणि नदीकाठी उघड्या पडलेल्या विष्णू शिस्टपाशी पोचायला सतराशे मीटरहून जास्त. होय, दरीच्या तळाचा हा प्राचीन खडक 'विष्णू' याच नावानं ओळखला जातो. रायगडाचा कातळ आदिम वाटणाऱ्या आजोबांना नातवाचा हात धरून ही वाट चालताना दरीची जी खोली उमगते, ती भर उन्हात तीन वळणं उतरून उमगत नाही.

पैशाचा हिशेबही घाईच्या विरोधातच जातो. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या पर्यटकांना ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइससह अकरा उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्कावर माणशी शंभर डॉलर जादा आकारले जाऊ लागले. ते टाळायचे तर त्यांच्यासाठीचा वार्षिक पास अडीचशे डॉलरचा. अर्ध्या दिवसासाठी एवढे पैसे मोजून भर दुपारी वातानुकूलित गाडीच्या काचेतून दरी बघण्यापेक्षा दोनच उद्यानं निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी दोन रात्री राहावं. पहिल्या दिवशी सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी सूर्योदय, मधली दुपार झोपेला. ऑक्टोबरात तब्येत साथ देत असेल तर ब्राइट एंजल वाटेनं पहिल्या विश्रामगृहापर्यंत, म्हणजे अडीच किलोमीटरांच्या आत, जाऊन परत यावं. तेवढ्यातच साडेतीनशे मीटरांच्या आसपास उतरण आणि तितकीच चढण होते, आणि दरीचा अंदाज येतो.

बेत ठरवणारी मुलं असतात आणि आईबाबा 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणून गाडीत बसतात. मुलानं इतक्या हौसेनं आखलंय, आता मला झेपत नाही असं कसं म्हणायचं, या संकोचात ते चालत राहतात. म्हणून विचारण्याची जबाबदारी बेत आखणाऱ्याची, आणि विचारायचं ते बुकिंग करण्याआधी. जुलैची रजा हातात असेलच तर ती पॅसिफिक किनाऱ्यावर घालवावी. सॅन फ्रान्सिस्कोपासून उत्तरेला रेडवुडच्या जंगलांपर्यंत त्या दिवसांत दुपारीही स्वेटर लागतो, वाटा सावलीच्या आहेत, आणि ऑक्टोबरातल्या कॅनियनचं बुकिंग तिथे बसूनही करता येईल.